कर्ता कुठे गेला? पूर्व काँगोतल्या एका आघात-उपचाराचा प्रकरण अभ्यास

मराठीत आपण म्हणतो, 'तिच्यावर अतिप्रसंग झाला.' 'तिची अब्रू गेली' असंही म्हणतो. दोन्ही वाक्यांत ज्यानं ते केलं त्याचा पत्ता नाही. प्रसंग आपोआप झाला, अब्रू आपल्या पायांनी निघून गेली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून मी समोर बसलेल्या बाईकडून हीच गोष्ट प्रथमपुरुषात ऐकते: 'माझंच पाऊल चुकलं.' इथे कर्ता येतो, पण भलताच येतो.

कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे सीपीटी, या मानसिक आघातावरच्या उपचाराचं बरंचसं काम या एका वाक्यापाशी चालतं. अमेरिकेतल्या विद्यापीठांत घडलेला हा उपचार २०११ साली पूर्व काँगोतल्या खेड्यांमध्ये नेला गेला. तिथल्या बहुतेक बायकांना लिहितावाचता येत नव्हतं, एका डॉक्टरमागे हजारो माणसं होती आणि सशस्त्र टोळ्यांचा वावर थांबलेला नव्हता. त्या चाचणीचा अहवाल ६ जून २०१३ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. नव्या विद्यार्थ्यांना आघात-उपचार शिकवताना मी पाठ्यपुस्तकाआधी हे प्रकरण समोर ठेवते. उपचारातून काय काढलं तरी तो उपचार राहतो, आणि काय काढलं की उरत नाही, हे इतकं स्वच्छ दिसणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

सेंट लुईसमधली सुरुवात

काँगोकडे जाण्याआधी सीपीटी घडवणाऱ्या पॅट्रिशिया रेसिक यांच्या कामाकडे वळावं लागतं. १९७६ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातून त्यांची पीएचडी झाली. बलात्काराच्या मानसिक परिणामांकडे संशोधकांचं लक्ष तेव्हा नुकतंच वळू लागलं होतं. अॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बोस्टनच्या एका रुग्णालयात आलेल्या ९२ स्त्रियांच्या नोंदींवरून 'रेप ट्रॉमा सिंड्रोम' हा शब्द १९७४ मध्ये मांडला होता. पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार, हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत यायला १९८० साल उजाडलं.

तोवर आघाताकडे मुख्यतः भीतीचा आजार म्हणून पाहिलं जाई. भीतीवर वर्तनवादी मानसशास्त्रात एक चांगला उपाय होता: भीती वाटते त्या आठवणीला सुरक्षित जागी पुन्हा पुन्हा सामोरं जायचं. फिलाडेल्फियात एडना फोआ यांनी याच वाटेनं 'प्रोलाँग्ड एक्स्पोजर' ही पद्धत उभी केली, आणि ती आजही उत्तम उपचारांपैकी एक आहे. १९८१ पासून सेंट लुईसच्या मिसुरी विद्यापीठात काम करणाऱ्या रेसिक यांना मात्र बायकांच्या बोलण्यात भीतीच्या जोडीला लाज, अपराधीपणा आणि राग दिसत होता. हल्ला संपल्यावर भीती ओसरलेली बाईसुद्धा 'मी ओरडले का नाही' या प्रश्नात वर्षानुवर्षं अडकून पडलेली असे. अशा अडलेल्या विचारांना सीपीटीत 'स्टक पॉइंट' म्हणतात. मी मराठीत 'अडलेलं वाक्य' म्हणते. विचार म्हटलं की तो हवेत राहतो. वाक्य म्हटलं की समोर ठेवून तपासता येतं.

सीपीटीची रचना साधी आहे. बारा सत्रं. सुरुवातीला बाई एक पानभर लिहून आणते: हे माझ्या बाबतीत का घडलं असं मला वाटतं, आणि त्यामुळे मी स्वतःकडे, माणसांकडे, जगाकडे कशी पाहू लागले. त्या पानातून अडलेली वाक्यं वेचायची. मग घटना, विचार आणि भावना हे तिन्ही वेगळे ओळखायला शिकायचं. पुढे त्या विचाराला प्रश्न विचारायचे: याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय, सगळं चित्र धरून बोलतेयस की एकच तुकडा? शेवटच्या सत्रांमध्ये पाच विषय येतात: सुरक्षितता, विश्वास, स्वतःच्या हातातली सत्ता, स्वतःची किंमत आणि जवळीक. शेवटी ते पहिलं पान बाई पुन्हा नव्यानं लिहिते.

१९९२ मधल्या पहिल्या अभ्यासात गटात उपचार घेतलेल्या १९ स्त्रियांची तुलना प्रतीक्षा यादीतल्या २० जणींशी केली होती. उपचाराचा जन्म गटातच झाला होता, हे पुढे काँगोत कामी आलं. २००२ मध्ये १७१ स्त्रियांच्या चाचणीत सीपीटी आणि प्रोलाँग्ड एक्स्पोजर यांचा निकाल जवळपास सारखा लागला. अपराधीपणाच्या काही मोजमापांवर सीपीटी थोडी पुढे होती. २००३ मध्ये रेसिक बोस्टनला माजी सैनिकांसाठीच्या पीटीएसडी राष्ट्रीय केंद्रात गेल्या. २००६ पासून अमेरिकेच्या माजी सैनिक विभागानं देशभरच्या थेरपिस्टना सीपीटी शिकवायला सुरुवात केली.

या प्रकरणासाठी सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास २००८ चा. मूळ सीपीटीत बाई घटनेचं तपशीलवार वर्णन लिहून काढते आणि वाचते. आठवण अशी उघडी केल्याशिवाय उपचार होणार नाही, हा त्या वेळचा सर्वमान्य समज होता. रेसिक यांनी स्वतःचीच पद्धत सुटी केली. १५० स्त्रियांचे तीन गट: एकाला संपूर्ण सीपीटी, दुसऱ्याला लेखी वर्णन वगळून फक्त विचारांचं काम, तिसऱ्याला फक्त लेखी वर्णन. तिन्ही गट सुधारले. पण संपूर्ण पद्धत बाकी दोघींपेक्षा सरस ठरली नाही, आणि उपचार चालू असताना फक्त विचारांचं काम करणारा गट लेखी वर्णनवाल्या गटाच्या पुढे होता.

स्वतः बांधलेल्या इमारतीतला मोठा खांब काढून पाहायचा, आणि इमारत उभी राहिली तर ते छापायचं, याला वैज्ञानिकाची वेगळीच नीतिमत्ता लागते. पुराव्यावर आधारित उपचार म्हणतात तो हाच: कोणता भाग काम करतो आणि कोणता केवळ सवयीनं चालत आलाय, हे विचारत राहणं. लेखी वर्णन काढता येतं हे २००८ मध्ये कळलं नसतं, तर ज्या बायकांनी कधी पेन हातात धरलं नाही त्यांच्यापर्यंत हा उपचार न्यायचा विचारही कोणी केला नसता.

प्रश्न काय होता

काँगोच्या पूर्व टोकाला, किवू सरोवराच्या आसपासच्या प्रदेशात, १९९० च्या दशकातल्या युद्धांपासून लैंगिक हिंसा हे सशस्त्र गटांचं हत्यार बनलं होतं. बुकावूच्या पांझी रुग्णालयात अशा स्त्रियांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. डेनिस मुक्वेगे यांना २०१८ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. शरीराच्या जखमा शिवणारे हात तिथे होते. मनाच्या दुखापतीसाठी गावोगाव स्थानिक संस्थांच्या सहाय्यिका होत्या: प्राथमिक शाळेनंतर किमान चार वर्षं शिकलेल्या, बायकांचं ऐकून घेणाऱ्या, त्यांना दवाखान्यात किंवा कोर्टात पोहोचवणाऱ्या. त्यांना मदत करणाऱ्या इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीपुढे आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ज्युडिथ बास, पॉल बोल्टन व सहकाऱ्यांपुढे प्रश्न होता: या सहाय्यिका खरा, आखीव मानसोपचार देऊ शकतील का? आणि तो दिला तर नुसत्या आधारापेक्षा काही जास्त पदरात पडेल का?

हा दुसरा प्रश्न विचारायला मला नेहमी अवघड जातं. आधार देणाऱ्या बाईच्या कामाचं मोल कमी केल्यासारखं वाटतं. पण तो विचारला नाही, तर समोरच्या बाईला आपण जे देतोय ते पुरेसं आहे की नाही हे कधी कळणारच नाही.

१६ गावं निवडली. कोणत्या गावात सीपीटी आणि कोणत्या गावात वैयक्तिक आधार, हे संशोधकांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीनं ठरलं. सीपीटीच्या गावांत एक वैयक्तिक सत्र आणि अकरा गटसत्रं. गटात सहा ते आठ जणी. बाकी गावांत बाई हवं तेव्हा सहाय्यिकेकडे येऊ शकत होती.

काय काढलं, काय ठेवलं

प्रशिक्षणाची बाजू सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डेब्रा केसन यांनी सांभाळली. इराकच्या कुर्दी भागात छळ सोसलेल्या लोकांसाठी सीपीटी जुळवून घेण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. सहाय्यिकांना दोन आठवड्यांचं समोरासमोर प्रशिक्षण मिळालं.

पहिली गोष्ट गेली ती घटनेचं वर्णन. गटात कोणालाही आपल्यावर काय झालं ते सांगायची गरज उरली नाही. छोट्या गावात गुपित राहत नाही, हे आपल्याला सांगायला नको.

मग कागद गेला. तक्ते, प्रश्नांच्या याद्या, गृहपाठाची पानं, सगळं इतकं सोपं केलं की तोंडपाठ राहावं. काम पाच भाषांमध्ये चाललं. विचार आणि भावना यांत फरक करायचा हे सीपीटीचं पहिलं पाऊल. 'मला वाटतं मी वाईट आहे' आणि 'मला वाईट वाटतं' ही दोन वाक्यं मराठीतही किती सहज मिसळतात ते आठवून पाहा. एकच 'वाटणं' दोन्हीकडे राबतं. प्रत्येक भाषेत ही गाठ वेगळ्या जागी असणार आणि ती तिथल्याच बायकांनी सोडवायला हवी.

आता गाभ्याकडे. समजा, एक बाई म्हणते, 'लाकडं आणायला एकटी गेले म्हणून झालं.' (हे उदाहरण माझं आहे, त्या चाचणीतल्या कोणाचं नाही.) आपल्याकडची प्रेमळ मावशी काय म्हणेल? 'अगं, तुझी काही चूक नाही, विसर ते.' हे खरं आहे, पण बाहेरून आलेलं खरं टिकत नाही. बाई मान हलवते आणि घरी जाऊन तेच वाक्य पुन्हा म्हणते. सीपीटीत सहाय्यिका उत्तर देत नाही, विचारते. लाकडं आणायला तू याआधी किती वेळा गेली होतीस? तेव्हा काय झालं? त्या दिवशी घरात लाकडं नसती तर मुलांनी काय खाल्लं असतं? गावातल्या बाकी बायका जातात की नाही? जंगलात त्या दिवशी आणखी कोण होतं? हातात बंदूक कोणाच्या होती? मग हे घडावं असं ठरवलं कोणी?

शेवटच्या प्रश्नाशी पोहोचेपर्यंत कधी तीन आठवडे लागतात, कधी आठ. पण पोहोचल्यावर वाक्य बाईनं स्वतः पुन्हा रचलेलं असतं. 'मी लाकडं आणायला गेले. त्यांनी हल्ला केला.' दोन वाक्यं, दोन वेगळे कर्ते. लाकडं आणणं हा गुन्हा नव्हता, हे तिला कोणी शिकवलेलं नसतं.

सुरक्षिततेचा विषय मात्र अवघड होता. अमेरिकेत 'आता मी कुठेच सुरक्षित नाही' हे अडलेलं वाक्य मानून तपासता येतं. पूर्व काँगोत ते अर्धं खरं असू शकतं. जिथे धोका खराखुरा आहे तिथे तो नाकारणारा उपचार खोटा पडतो आणि बाई पुन्हा येत नाही. काम इथे बारीक होतं: कोणत्या वाटेनं, कोणत्या वेळी, कोणासोबत धोका किती, आणि स्वतःच्या घरात, शेजारणीच्या ओसरीवर तो किती. सगळं जग एकसारखं काळं रंगवण्याऐवजी त्यात छटा पाहायला शिकणं. माझ्या मते आघात-उपचाराची सगळ्यात प्रामाणिक परीक्षा इथे होते. ज्या घरातला मारणारा अजून घरातच आहे, त्या घरातल्या बाईबरोबर काम करणाऱ्या आपल्या समुपदेशकांना ही परीक्षा रोज द्यावी लागते.

देखरेखीत मात्र तडजोड झाली नाही. सहाय्यिकांवर काँगोतल्याच पर्यवेक्षक होत्या, त्यांच्या वर अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेली, तिथेच मुक्कामाला असलेली एक क्लिनिकल सोशल वर्कर, आणि तिचं प्रशिक्षकांशी नियमित फोनवर बोलणं. एका गावातल्या सहाय्यिकेच्या कुवतीबद्दल शंका आली तेव्हा ते गावच चाचणीतून वगळलं. १६ ची १५ गावं झाली: ७ सीपीटीची, ८ वैयक्तिक आधाराची.

निकाल

सीपीटीच्या गावांत १५७ स्त्रिया होत्या, आधाराच्या गावांत २४८. नैराश्य आणि चिंतेची लक्षणं ० ते ३ या पट्टीवर मोजली. आधार मिळालेल्या गटाची सरासरी २.२ वरून उपचाराअखेर १.७ आणि सहा महिन्यांनी १.५ वर आली. सीपीटीच्या गटात ती २.० वरून ०.८ आणि मग ०.७. सहा महिन्यांनंतर नैराश्य किंवा चिंतेचा विकार असण्याची शक्यता आधाराच्या गटात ४२ टक्के स्त्रियांमध्ये उरली होती, सीपीटीच्या गटात ९ टक्के. पीटीएसडीचं चित्रही याच वळणाचं होतं.

रोजच्या २० कामांमध्ये किती अडचण येते, हेही विचारलं होतं, आणि तिथेही सीपीटीच्या गटाचा अडथळा जास्त कमी झाला. मला हे मोजमाप लक्षणांइतकंच मोलाचं वाटतं. बाई बरी झाली म्हणजे काय, हे लक्षणांच्या यादीला विचारण्याआधी तिच्या चुलीला आणि शेताला विचारावं.

पहिल्या वाचनात मी ९ आणि ४२ एवढंच पाहिलं होतं. नंतर २.२ वरून १.५ हा आकडा दिसू लागला. नुसतं ऐकून घेणाऱ्या, सोबत कोर्टात जाणाऱ्या सहाय्यिकांमुळेही बायका सुधारल्या होत्या. आधार वाया जात नाही. तो अर्ध्या वाटेवर थांबतो.

या पुराव्यात काय कच्चं आहे

तिन्ही वेळच्या मुलाखती पूर्ण झालेल्या स्त्रिया सीपीटी गटात ६५ टक्के, आधाराच्या गटात ५२ टक्के. म्हणजे बरीच माणसं हातातून निसटली, आणि निसटलेल्यांचं काय झालं यावर निकाल अवलंबून असू शकतो. सुरुवातीलाच आधाराच्या गटाची अवस्था जरा जास्त वाईट होती. गावं फक्त १५, म्हणून दोन्ही बाजूंची गावं सारखी असतील याची खात्री कमी.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. एका बाजूला बारा ठरलेल्या भेटी आणि सोबतीला सात बायका. दुसऱ्या बाजूला हवं तेव्हा एकटीनं यायचं. मग फरक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीनं पडला की एकत्र बसण्यानं? जिला गाव वाळीत टाकतं, नवरा घराबाहेर काढतो, तिला दर आठवड्याला सात जणींच्या वर्तुळात आपली जागा राखलेली असणं हाही एक उपचार असू शकतो. ही चाचणी दोन्ही वेगळे करू शकत नाही. २००८ मध्ये रेसिक यांनी जशी आपली पद्धत सुटी केली, तसंच इथेही कोणीतरी करायला हवं. तरीही एवढा मोठा फरक केवळ सोबतीमुळे पडला असेल, असं मला वाटत नाही.

आपल्याकडे

काँगोचं प्रकरण वाचून 'तिथली गोष्ट वेगळी' असं म्हणणाऱ्यांना मी गोव्याकडे बोट दाखवते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'संगत' संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांना नैराश्यासाठीचा सहा ते आठ सत्रांचा उपचार शिकवला. ४९५ रुग्णांच्या त्या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले, आणि उपचार उपयोगी ठरला. तो आघाताचा उपचार नव्हता. पण पदवीपेक्षा नीट प्रशिक्षण आणि नियमित देखरेख जास्त महत्त्वाची, हे कोकणी आणि मराठी बोलणाऱ्या माणसांमध्ये दिसून आलं आहे. आपल्याला त्याची गरजही आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

काँगोचा अहवाल आला त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, महाराष्ट्रात मनोधैर्य योजना सुरू झाली: बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला सोसलेल्यांना आर्थिक मदत आणि पुनर्वसन. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत हिंसा सोसलेल्या स्त्रियांसाठी 'सखी' केंद्रं येऊ लागली. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं याच कामाचं 'दिलासा' केंद्र त्याआधीपासून चालू आहे. या सगळ्या कामात 'समुपदेशन' हा शब्द येतो. तो फार प्रशस्त शब्द आहे. त्यात धीर देणं येतं, माहिती देणं येतं, सोबत करणं येतं. अडलेलं वाक्य उलगडेपर्यंत आठ-दहा आठवडे बसणं येईलच असं नाही. ते यावं यासाठी लागणाऱ्या गोष्टी काँगोनं मोजून दाखवल्या: दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, बारा भेटी, आणि दर आठवड्याला कोणीतरी वरून विचारणारं, 'त्या बाईला तू काय विचारलंस?'

नव्या समुपदेशकांना शिकवताना पहिल्या दिवशी मी त्यांना कामात ऐकलेली वाक्यं फळ्यावर लिहायला सांगते. फळा भरतो. 'तोंड दाखवायला जागा राहिली नाही.' 'घराण्याला काळिमा लागला.' 'तिच्यावर प्रसंग आला.' 'मीच भोळी.' मग प्रत्येक वाक्यापुढे ते कोणी केलं ते लिहायला लावते. वेळ लागतो. एक जण खडू हातात धरून 'काळिमा लागला'पाशी बराच वेळ उभी राहते, आणि मागे बसलेल्या कोणीतरी हळूच विचारतं, 'कोणी लावला?'